पेरूचे पान आणि पोटातील कळ

रात्री-अपरात्री घरात कोणाच्या पोटात मुरडा उठला, ढाळ सुरू झाले, म्हणजे घरातली वडीलधारी बाई कंदील घेऊन परसात जाई आणि पेरूची पाच-सात कोवळी पाने खुडून आणी. पाने धुऊन, ठेचून, दोन भांडी पाण्यात घालून चुलीवर ठेवायची. आटून एक भांडे उरले म्हणजे गाळून घ्यायचे. आणि दुखणाऱ्याने ते डोळे मिटून प्यायचे. चव तुरट, इतकी की जीभ टाळ्याला चिकटावी. कित्येकदा थोड्या वेळाने कळ ओसरे, आणि ‘पोट धरले बरे’ असे म्हणून घर पुन्हा झोपी जाई. आपल्यापैकी पुष्कळांनी हा काढा घेतला असेल. निदान तो दुसऱ्याला पाजलेला पाहिला तरी असेल.

आज आम्हांला या पानाचा इतिहास सांगावयाचा आहे. राजेरजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास ऐकावयास आलेल्या श्रोत्यांना हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु एका पानाला माणसाने चारशे वर्षांत कोणकोणते प्रश्न विचारले आणि त्या पानाने कोणकोणती उत्तरे दिली, हे पाहू लागले की त्यात मेक्सिकोतील एक राजवैद्य येतो, जर्मनीतील एक काचेचे पात्र येते, हंगेरीतील एक नोबेल पारितोषिक येते, आणि शेवटी बंगालच्या सीमेवरील निर्वासितांची एक छावणीही येते. त्या छावणीत जो धडा मिळाला तो प्रत्येक घराने गाठीशी बांधावा असा आहे. पोट ‘धरणे’ आणि रोगी वाचणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा या व्याख्यानाचा खरा प्रश्न होय.

प्रथम या झाडाचे कूळ पाहू. पेरू आपल्या अंगवळणी इतका पडला आहे की तो परदेशी आहे असे सांगितले तर मुले विश्वास ठेवणार नाहीत. तथापि चरक-सुश्रुतांना तो ठाऊक नव्हता. ठाऊक असणे शक्यच नव्हते. हे झाड अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपियनांच्या, बहुधा पोर्तुगीजांच्या, गलबतांतून अननस, काजू, मिरची यांच्याबरोबर तेही आपल्या किनाऱ्यास लागले. आपण त्याला पेरू म्हणतो ते पेरू देशावरून, असे पुष्कळ मानतात. कित्येक म्हणतात, पोर्तुगीज भाषेत नासपतीला ‘पेरा’ म्हणतात त्यावरून. काही असो, पाहुण्याचे नावच त्याचा परकेपणा सांगते. म्हणजे ज्याला आपण आजीबाईच्या बटव्यातले ‘परंपरागत’ औषध म्हणतो, त्यातील हा एक जिन्नस समुद्र ओलांडून आलेला आहे, आणि तो स्वीकारताना आपल्या आज्यांनी कोणत्याही ग्रंथाची परवानगी मागितली नाही. त्यांनी चव पाहिली. तुरट ते पोट धरते, हे त्यांना बाभळीच्या सालीवरून, डाळिंबाच्या सालीवरून आणि कातावरून ठाऊक होते. नव्या पानाला त्यांनी जुन्या अनुभवाच्या ओळीत बसवून टाकले.

मेक्सिकोतील नाहुआ लोक या झाडाला ‘शाल्शोकोत्ल’ म्हणत. या शब्दाचा अर्थ वाळूचे आंबट फळ. पेरूच्या गरातील बिया दाताखाली वाळूसारख्या लागतात, हे ज्याने नाव ठेवले त्याने नेमके टिपले होते. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७० साली आपला वैद्य फ्रान्सिस्को हर्नांदेझ याला त्या नव्या मुलुखातील औषधींची नोंद करण्यासाठी धाडले. सुमारे सात वर्षे तो तेथे हिंडला. स्थानिक वैद्यांना विचारून, चित्रकारांकडून चित्रे काढवून त्याने तीन हजारांच्या आसपास वनस्पतींची माहिती जमवली. शाल्शोकोत्लही त्यात आहे आणि त्याचा तुरट गुणही. हर्नांदेझची दृष्टी त्याच्या काळाची होती. वनस्पती उष्ण की शीत, रुक्ष की आर्द्र, एवढाच प्रश्न तो विचारी. आपल्याकडील वैद्यांना ही भाषा मुळीच परकी वाटली नसती. त्याचे मूळ ग्रंथ राजाने एस्कोरिअलच्या ग्रंथालयात ठेवले, आणि १६७१ च्या आगीत ते जळून गेले. जे आज आपल्याला मिळते ते नकलांतून, टिपणांतून आणि संक्षेपांतून. झाडाला मात्र आगीची झळ लागली नाही. ग्रंथ जळाला, पण मेक्सिकोतल्या बायका पाने उकळीतच राहिल्या, आणि हजारो कोसांवर कोकणातल्या बायकाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ. चरकाने पेरू पाहिला नव्हता, पण अतिसार पाहिला होता. आणि अतिसाराच्या चिकित्सेत त्याने बजावून ठेवले आहे की पोटात आम असताना, म्हणजे न पचलेला दोष अजून बाहेर पडावयाचा असताना, आरंभीच स्तंभन करू नये. बांध घातला तर दोष आत कोंडतो व निराळे विकार उत्पन्न करतो. हा इशारा आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता पानावरून पोटाकडे वळू. आतडे हलते कसे? खाल्लेला घास सुमारे पंधरावीस हात लांबीच्या नळीतून पुढे सरकतो, तो गुरुत्वाकर्षणाने नव्हे. नाहीतर आडव्या पडलेल्या माणसाचे अन्न पोटातच राहिले असते. अठराव्या शतकाच्या मध्यावर गटिंगेन येथील आल्ब्रेख्त फॉन हालर याने दाखवून दिले की स्नायूला डिवचले असता तो आखडतो, हा त्याचा स्वतःचा धर्म आहे; आतडे तर शरीरापासून तोडून काढल्यावरही काही काळ वळवळत राहते. पुढे एकोणिसाव्या शतकात आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंची जाळी विणलेली आहेत असे सूक्ष्मदर्शकाखाली दिसून आले. १८९९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या मेहुण्यांनी त्या हालचालीचा नियम सांगितला. आतड्यात एखादा गोळा ठेवला की त्याच्या मागची बाजू आवळते आणि पुढची सैल पडते. साहजिकच गोळा पुढे ढकलला जातो. उसाच्या चरकात कांडे सरकते तसे नव्हे. मुठीतून ओली साबणाची वडी निसटते तसे. आवळणे आणि सैल होणे यांचा ताल बरोबर असेल तेव्हा आपल्याला त्याची जाणीवही नसते. ताल बिघडला, आवळणेच फार झाले, म्हणजे जी वेदना होते तिला आपण मुरडा म्हणतो. शब्द किती अचूक आहे पाहा!

हे सारे जिवंत प्राण्याचे पोट उघडून पाहावे लागे. त्यात गोंधळ फार. औषध दिले तर ते आतड्यावर चालले, की रक्तावर, की मेंदूवर, हे कसे ठरवायचे? ही अडचण १९०४ साली हायडेलबर्ग येथे रूडॉल्फ मॅग्नस याने सोडविली, आणि तीही इतक्या साध्या उपायाने की त्याचे कौतुक वाटते. त्याने सस्तन प्राण्याच्या लहान आतड्याचा छोटा तुकडा कापून घेतला. तो क्षारयुक्त कोमट पाण्याच्या पात्रात टांगला. पाण्यातून प्राणवायूचे बुडबुडे सोडले. तुकडा तासन्‌तास जिवंत राहिला आणि आपल्या तालावर आखडत-सुटत राहिला. त्याच्या एका टोकाला दोरा, दोऱ्याला हलकी तरफ, आणि तरफेचे टोक काजळी धरलेल्या कागदावर टेकलेले. कागद एका नळकांड्यावर गुंडाळलेला, नळकांडे संथ फिरणारे. आतडे आखडले की टोक वर जाई, सुटले की खाली येई. काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटे. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांतही पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी हे काजळीचे नळकांडे फिरविले आहे आणि हात काळे करून घेतले आहेत.

आतड्याला जणू लेखणी मिळाली. आता त्याला प्रश्न विचारता येऊ लागला. पात्रात एखाद्या द्रव्याचा थेंब टाकावा, आतड्याने रेघेत उत्तर लिहावे, पाणी बदलावे, आणि दुसरा प्रश्न विचारावा.

या पात्रातील पाण्याचीही एक गोष्ट आहे. लंडनचा डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडकत ठेवण्याचे प्रयोग करीत होता. १८८२ त त्याने आपले निष्कर्ष छापले. १८८३ त त्याला कबूल करावे लागले की वापरलेले पाणी ऊर्ध्वपातित नव्हते, नळाचे होते! शुद्ध पाणी घेतले तेव्हा हृदय मंदावून थांबले. नळाच्या पाण्यात असे काय होते? शोध घेता आढळले की त्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हेच ते द्रव्य. शुद्ध पाण्याने जे बिघडले ते अशुद्ध पाण्याने चालविले होते. स्नायूला आखडण्यासाठी कॅल्शियम लागते, हे ज्ञान असे चुकीच्या पोटी जन्मले, आणि आपल्या पेरूच्या पानाचा उलगडा करावयास तेच पुढे उपयोगी पडले.

पानाच्या बाजूने काय चालले होते? तुरटपणाचा अभ्यास प्रथम केला तो चामडी कमावणाऱ्या कारागिरांनी. बाभळीची साल, हिरडा, युरोपात ओकची साल यांच्या पाण्यात कातडे भिजविले की ते कुजत नाही, घट्ट होते. कारण सालीतील द्रव्ये कातड्यातील प्रथिनांना धरून ठेवतात. पेरूचे पान चावले असता जीभ कोरडी पडते तीही त्याच कारणाने. लाळेतील प्रथिने त्या द्रव्याशी बांधली जातात. या द्रव्यांना टॅनिन असे नाव पडले. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्यांची कुळी लावली तेव्हा दिसले की हे घराणे फार मोठे आहे. फिनॉल नावाची कडी अनेकदा जोडून हे रेणू बनतात, म्हणून त्या सर्वांना पॉलिफिनॉल म्हणतात. चहाचा तुरटपणा, जांभळाचा रंग, कांद्याच्या सालीचा पिवळेपणा, कातातले कॅटेचिन, ही सगळी या घराण्यातली मंडळी. त्यातच क्वेर्सेटिन नावाचे एक पिवळे द्रव्य आहे. ओकच्या वनाला लॅटिनमध्ये जे नाव आहे त्यावरून हे नाव आले, आणि १८५७ पासून ते चालत आहे. पेरूच्या पानात ते साखरेच्या निरनिराळ्या रेणूंना जोडलेले असते.

या पिवळ्या द्रव्यांना एकदा फार मोठा मान मिळण्याचा योग आला होता. हंगेरीतील सेगेद येथील आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी १९३६ साली रुझन्याक यांच्यासह असे मांडले की लिंबू व लाल मिरची यांतील अशी द्रव्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांना बळकटी देतात. त्यांना त्यांनी ‘पी’ जीवनसत्त्व असे नाव दिले. दुसऱ्याच वर्षी सेंट-ज्यॉर्जी यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते जैविक ज्वलनावरील व ‘सी’ जीवनसत्त्वावरील कामाबद्दल. ‘पी’ जीवनसत्त्व मात्र कसोटीला उतरले नाही. ही द्रव्ये मिळाली नाहीत म्हणून एखादा रोग जडतो असे सिद्ध होईना, आणि १९५० च्या सुमारास ते नाव मागे घेण्यात आले. गंमत अशी की याच सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत १९४० च्या आसपास स्नायूच्या आखडण्याचे मूळ सापडले: ॲक्टिन व मायोसिन या दोन प्रथिनांचे तंतू एकमेकांत गुंततात म्हणून स्नायू आखडतो. वनस्पतीतील पिवळे द्रव्य आणि स्नायूचे आकुंचन हे दोन्ही धागे असे एकाच माणसाच्या हातांतून गेले. त्यांची गाठ बसावयास आणखी चाळीस वर्षे लागली.

ती गाठ बसली मॅग्नसच्या पात्रात. १९८३ साली अमेरिकेत गिनिपिगच्या आतड्यावर क्वेर्सेटिनचा प्रयोग झाला. एखाद्या पदार्थाचे वावडे असलेल्या प्राण्याच्या आतड्याला तो पदार्थ लागला की ते जोराने आवळते. पात्रात क्वेर्सेटिन असेल तर ते आवळणे दबते असे दिसले. १९८९ त लुटेरोट या संशोधकाने पेरूच्या पानांचाच प्रश्न हाती घेतला. आतड्यातील मज्जातंतूंची टोके ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सोडतात. स्नायूला ‘आखड’ म्हणून सांगणारा हा निरोप्या. क्वेर्सेटिनमुळे हा निरोप्या कमी सुटतो, आणि पेरूच्या पानाचा गुण त्यातून आला असावा, असे त्याने मांडले. १९९१ साली इटलीतील कापास्सो प्रभृतींनी विजेचा झटका देऊन आतडे आखडवले आणि क्वेर्सेटिन व त्याच्या भावंडांनी ते आखडणे कमी होते हे नोंदविले.

आणि मग प्रश्न पुन्हा त्या झाडाच्या माहेरी आला. मेक्सिकोच्या सामाजिक विमा संस्थेत हावियेर लोसोया व त्यांचे सहकारी देशी औषधींवर काम करीत होते. १९९४ साली त्यांनी पेरूच्या पानांतील क्वेर्सेटिनचे प्रकार वेगळे काढून आतड्याची आवळण सैल करणारे तत्त्व तेच असल्याचे दाखविले, आणि ते तत्त्व कॅल्शियमच्या आड येते असे अनुमान काढले. येथे रिंगरच्या नळाच्या पाण्याची आठवण करावी. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरले की ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जाऊन मिळते, ते प्रथिन एका विकराला जागे करते, आणि तो विकर मायोसिनला कामाला लावतो. मग तंतू तंतूत गुंततो व आतडे आवळते. कॅल्शियमला दारातच अडविले की पुढची सारी साखळी थंडावते. म्हणजे क्वेर्सेटिन दोन ठिकाणी हात घालते असे दिसते: निरोप्या कमी सुटतो, आणि निरोप पोहोचला तरी दार पुरते उघडत नाही. परसातून पाने आणणाऱ्या त्या बाईला यातले काही ठाऊक नव्हते. पण ‘मुरडा सैल होतो’ हे तिचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले.

येथे थांबून टाळ्या वाजविणे सोपे आहे. ‘पाहा, आमच्या आजीला जे माहीत होते ते विज्ञानाला आता कळले’, हे वाक्य अलीकडे फार कानी पडते. आम्ही ते म्हणणार नाही. पात्रातले आतडे आणि पोटातले आतडे यांत अंतर आहे. पात्रात आपण शुद्ध द्रव्य हव्या त्या प्रमाणात टाकतो. पोटात ते साखरेला जोडलेले येते, पाचक रस आणि आतड्यातले जंतू त्याची मोडतोड करतात, आणि रक्तात त्यातले थोडेच पोहोचते. पॉलिफिनॉलचे घराणे एकाच स्वभावाचे आहे असेही नाही. हिरडा तुरट असून सारक आहे हे प्रत्येक वैद्य सांगेल. सोनामुखीतील द्रव्यांच्या अंगीही फिनॉलच्या कड्या आहेत. पण मोठ्या आतड्यातील जंतू त्यांचे रूपांतर करतात आणि ते रूप आतड्याला जोराने हलविते. एकाच मोठ्या कुळातला एक भाऊ दार लावतो, दुसरा उघडतो. म्हणून ‘वनस्पतीतील पॉलिफिनॉल पोटाला चांगले’ असे सरसकट विधान म्हणजे ‘माणसे स्वभावाने चांगली’ म्हणण्यासारखे आहे. त्यावर व्यवहार करता येत नाही.

मेक्सिकोतील संशोधकांनी म्हणूनच पुढची पायरी घेतली. क्वेर्सेटिनचे प्रमाण ठरवून पेरूच्या पानांच्या कुप्या केल्या, आणि तीव्र अतिसार झालेल्या प्रौढ रुग्णांना ५०० मिलिग्रॅमची एक कुपी दर आठ तासांनी, तीन दिवस दिली. कोणाला काय दिले आहे हे देणारालाही ठाऊक नाही आणि घेणारालाही नाही, अशी व्यवस्था ठेवली. २००२ साली फळ प्रसिद्ध झाले: पोटदुखीचा काळ कमी झाला. शब्द नीट पाहावेत. संशोधकांनी ‘रोग नाहीसा झाला’ असे म्हटले नाही. दुखण्याचा काळ कमी झाला, एवढेच म्हटले. आतडे सैल पडले तर दुखणे कमी व्हावे, हे पात्रातील उत्तराशी जुळते. पानाने जेवढे वचन दिले होते तेवढे पाळले.

पण पानात क्वेर्सेटिनच आहे काय? हा प्रश्न आपल्या मुंबईत विचारला गेला. ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेतील टी. बिर्डी, नो. अंतिया प्रभृतींनी २०१० साली पेरूच्या पानांचा साधा काढा आणि शुद्ध क्वेर्सेटिन यांची समोरासमोर परीक्षा केली. यात आतड्याचा स्नायू नव्हता. अतिसाराचे जंतू व त्यांची विषे होती. काढ्याने पटकीच्या विषाची उत्पत्ती आणि पेशीला चिकटण्याची त्याची शक्ती कमी केली. आमांशाच्या जंतूंना आळा घातला. वापरलेल्या प्रमाणात क्वेर्सेटिनने ना जंतू मारले, ना विषाला हात लावला. काही जंतूंचा पेशीत होणारा शिरकाव तेवढा त्याने रोखला. म्हणजे स्नायूच्या प्रश्नाचे उत्तर क्वेर्सेटिन असेल, पण जंतूच्या प्रश्नाचे उत्तर पानातील दुसरे कोणी देत आहे. हेही लक्षात असू द्यावे की ही परीक्षा प्रयोगशाळेतील आहे, रुग्णशय्येवरची नव्हे. तरी तिचे महत्त्व मोठे. एका प्रश्नाचे उत्तर मिळाले म्हणजे पान वाचून संपले असे नाही.

आता आम्ही ज्या प्रश्नासाठी हा सारा प्रवास केला त्याकडे येतो. समजा, पान आतड्याचा मुरडा खरोखरच सैल करते. समजा, पोट ‘धरले’. मग रोगी वाचला काय?

एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांनी या प्रश्नाला ‘होय’ म्हटले होते आणि त्याची किंमत हजारो रुग्णांनी दिली. पटकीच्या साथीत अफू आणि अफूची मिश्रणे पाजली जात. हिंदुस्थानातील फौजेत डॉक्टर असलेल्या कॉलिस ब्राऊन याने १८४८ च्या सुमारास पटकीवर जे क्लोरोडाईन तयार केले त्यातही अफूच होती; पुढे ते घराघरांत पोटदुखीवर चालले. अफू आतडे निपचित करते. कळ जाते, रुग्ण शांत होतो. परंतु पटकीत माणूस मरतो तो कळेने नव्हे. अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्याने. आतड्याचा स्नायू झोपला तरी आतड्याचे अस्तर पाणी सोडीतच राहते. ते बाहेर पडत नाही, आत साठते, एवढाच फरक. घरच्यांना वाटे, ढाळ थांबले. आणि रुग्णाची नाडी बुडत जाई. खरे पाहता उत्तर लोकांसमोर होते. १८३१-३२ च्या युरोपातील साथीत ओशॉनेसी याने पटकीच्या रुग्णाच्या रक्तातले पाणी व क्षार कमी झालेले दाखविले; १८३२ त थॉमस लॅटा याने स्कॉटलंडमध्ये क्षाराचे पाणी थेट शिरेत सोडून मरणोन्मुख माणसे उठवून बसविली. पण लॅटा लवकरच वारला आणि त्याचे काम मागे पडले. मुरडा डोळ्यांना दिसतो, पाणी जाणे इतके दिसत नाही. मनुष्यस्वभाव दिसेल त्याच्याशी लढतो.

१९५३ साली कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पटकीच्या १८६ रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यांनी मीठ व ग्लुकोज घातलेले पाणी तोंडावाटे दिले. ओकारी थांबविण्यास औषध दिले. आणि ढाळांसाठी पानओव्याच्या पानांचा रस दिला. एकाच उपचारात पान आणि पाणी दोन्ही! त्या लेखाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे १९७१ साली पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले, सीमेवरील बनगाव येथे पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधविल्या, पिंपात पाणी कालविले, आणि आईबापांच्याच हाती पेले देऊन ‘पाजत राहा’ म्हणून सांगितले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते शेकडा ३.६ वर आले. ढाळ थांबले नव्हते, मुरडेही थांबले नसतील. पण माणसे मेली नाहीत. कारण आतड्याच्या अस्तराला ग्लुकोजबरोबर मीठ व पाणी आत घेण्याची जी वाट असते, ती पटकीतही उघडी राहते. महालनबीस २०२२ साली निवर्तले. दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या पुडीने जगात किती मुले वाचली याचा हिशेब लाखांतच करावा लागतो.

चरकाचा इशारा आता पुन्हा आठवावा. त्याची ‘आमा’ची कल्पना आणि आजची जंतूंची कल्पना एकच आहे असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणणे दोन्हींवर अन्याय होईल. परंतु जे बाहेर जाऊ पाहते आहे त्याला आरंभीच कोंडू नये, हे त्याचे निरीक्षण होते. रक्त पडत असताना, ताप असताना, विशेषतः लहान मुलाला, आतडे बांधणारे औषध देऊ नये, असे आजचा डॉक्टरही सांगतो. आवळणे ही आतड्याची केवळ खोड नव्हे. नको ते बाहेर टाकण्याचा तो त्याचा उपायही आहे.

मग पेरूचे पान खोटे ठरले काय? मुळीच नाही. त्याला जो प्रश्न विचारला त्याचे त्याने खरे उत्तर दिले. ‘कळ कमी करशील काय?’ असे विचारले, त्याने ‘करीन’ म्हटले आणि केली. ‘माझ्या मुलाला वाचवशील काय?’ हा प्रश्न त्याला विचारणे ही आपली चूक होती. तो पाण्याला विचारावयाचा प्रश्न होता. औषधांचा इतिहास वाचताना आम्हांला वारंवार असे आढळते की जुने उपाय फसले ते बहुधा ते खोटे होते म्हणून नव्हे, तर त्यांच्या खऱ्या उत्तरावर आपण भलत्याच प्रश्नाचा भार टाकला म्हणून. आणि नवे उपाय जेव्हा फसतील तेव्हाही बहुधा याच कारणाने फसतील.

म्हणून या वसंतात घरी जाताना एवढे ध्यानात असू द्यावे. उन्हाळा आहे, पाणी बिघडण्याचे दिवस आहेत. मुरडे उठतील, ढाळ होतील. परसात पेरू असेल तर त्याची पाने खुडण्यास आमची हरकत नाही. चारशे वर्षांची आणि दोन खंडांतल्या बायकांची साक्ष त्यांच्या पाठीशी आहे. परंतु चुलीवर काढा चढविण्यापूर्वी क्षारसंजीवनीची पुडी तिच्यावर सांगितलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवावी आणि पहिला घोट तिचा पाजावा. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, शौचाला रक्त दिसले, तर काढा आणि पुडी यांच्या भरवशावर न राहता डॉक्टरकडे धाव घ्यावी. वाटेतही पाणी पाजणे थांबवू नये. कंदील घेऊन परसात जाणाऱ्या त्या वडीलधाऱ्या बाईला कोणी ही गोष्ट समजावून सांगितली असती, तर तिने ती सहज मानली असती. नवे पान तिने एकदा मानलेच होते.